मासे बाधत एकाला, गांध उठली दुसऱ्याला

हाइन्झ क्युस्टनर या तरुण जर्मन डॉक्टरांना शिजवलेले मासे बाधत. खाल्ल्यानंतर अर्ध्या तासात डोक्याला, मानेला, पोटाला खाज सुटे. घसा कोरडा पडून जळजळे, डोळे लाल होऊन सुजत, शिंकांवर शिंका येत, आवाज बसे, श्वास घेताना धाप लागे आणि शेवटी उलटी होई. एवढं सगळं घडूनही त्यांचं रक्त काचनळीत माशाच्या अर्काशी मिसळलं तर काहीच होत नसे. तळाशी साका नाही, गढूळपणा नाही. त्या काळात रक्तात प्रतिपिंडं आहेत हे ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे असा साका, आणि नेमका तोच दिसत नव्हता.

क्युस्टनर यांचे ब्रेस्लाऊमधले सहकारी कार्ल प्राउस्निट्झ जीवाणुशास्त्रज्ञ होते. (ब्रेस्लाऊ तेव्हा जर्मनीत होतं, आज ते पोलंडमधलं व्रोत्सवाफ.) प्राउस्निट्झ यांना गवताच्या परागांचा त्रास होता, उन्हाळा आला की नाक-डोळे वाहू लागत. मासे मात्र त्यांना खुशाल चालत. काचनळी बोलत नाही तर माणसाच्या कातडीला विचारावं, असं दोघांनी ठरवलं. क्युस्टनर यांचं रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, म्हणजे सीरम, घेऊन त्याचा जेमतेम एक दशांश मिलिलिटर प्राउस्निट्झ यांच्या पोटाच्या कातडीत टोचला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. काही मिनिटांत तिथे टरटरून गांध उठली आणि भोवती लाली पसरली. सीरम न टोचलेल्या जागी तोच अर्क टोचला, तेव्हा कातडी शांत राहिली.

मग उलटा प्रयोग झाला. प्राउस्निट्झ यांचं सीरम क्युस्टनर यांच्या कातडीत टोचून त्यावर परागांचा अर्क दिला. तो फसला. १९२१ साली निबंध छापताना दोघांनी हे अपयशही लपवलं नाही. दोघांच्याच अंगावर झालेला हा प्रयोग पुढे ‘पी-के चाचणी’ म्हणून जगभर वापरला गेला. अन्नाचं वावडं रक्तातल्या कुठल्यातरी पदार्थामुळे होतं, तो पदार्थ एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येतो आणि तो कातडीला चिकटून राहतो, एवढं त्या एका गांधीनं सिद्ध केलं. तो पदार्थ नेमका कोणता, हे कळायला पुढची पंचेचाळीस वर्षं गेली.

आज अन्नाच्या वावड्याच्या नावाखाली रक्ताच्या ज्या चाचण्या विकल्या जातात, त्यांचा अर्थ लावायचा तर ही पंचेचाळीस वर्षं माहीत असायला हवीत. कारण तेव्हा शास्त्रज्ञांनी जो फरक जिवापाड मेहनतीनं शोधून काढला, तोच आज कित्येक छापील अहवालांतून पुसला जातो.

ब्रेस्लाऊच्या आधीही सुरुवात झालेली होतीच. १९०१ साली मोनॅकोच्या राजपुत्राच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी समुद्री जीवांच्या विषावर काम सुरू केलं. विषाचा अंश टोचून कुत्र्यांना त्या विषाविरुद्ध तयार करायचं, असा त्यांचा बेत होता. पॅरिसला परतल्यावर समुद्रफुलाचं विष घेऊन तो प्रयोग पुढे चालला, तेव्हा घडलं भलतंच. पहिला डोस सहज पचवणारा धडधाकट कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या दुसऱ्या, लहानशा डोसानं थोड्याच वेळात मेला. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा जीवही घेऊ शकते, हे तेव्हा पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. या कामासाठी रिशे यांना १९१३ चं नोबेल मिळालं. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये अशा बदललेल्या प्रतिसादाला ‘ॲलर्जी’ हे नाव दिलं.

प्राउस्निट्झ-क्युस्टनर यांच्या त्या अज्ञात पदार्थाला १९२५ च्या सुमारास अमेरिकेतल्या आर्थर कोका यांनी ‘रिएजिन’ म्हटलं. हे कोका साधे गृहस्थ नव्हते. १९१६ साली सुरू झालेल्या ‘जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी’ या नियतकालिकाचे ते संस्थापक संपादक. पण आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांची वाट बदलली. रिएजिन सापडत नसलं तरी अन्न बाधतं, असं ते मांडू लागले आणि १९४३ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. १९५६ च्या दुसऱ्या पुस्तकात तर त्यांनी घरच्या घरी करायची परीक्षाच सांगितली: जेवणाआधी आणि जेवणानंतर नाडी मोजा, ज्या पदार्थानं ठोके वाढतील तो तुमचा शत्रू. नाडी तर जिना चढल्यानं, चिंतेनं, नुसत्या भरपेट जेवणानंही वाढते. ही परीक्षा कसोटीला उतरली नाही. मात्र एक कल्पना लोकांच्या मनात पक्की बसली. डॉक्टरांच्या चाचणीत न सापडणारं एक दडलेलं वावडं असतं, आणि डोकेदुखी, थकवा, पोटफुगी, सांधेदुखी या सगळ्यांचं मूळ त्यात असतं, अशी ती कल्पना. त्रास खरा असतो, त्यावर उत्तर मिळत नसतं, म्हणून माणूस तिला धरून राहतो. पुढच्या प्रत्येक नव्या ‘संवेदनशीलता चाचणी’ला गिऱ्हाईक मिळालं ते याच असहायतेतून.

कोकांच्या या पुस्तकांआधीच न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट कुक यांना रक्तात आणखी एक गोष्ट आढळली, आणि आजच्या दृष्टीनं ती फार मोलाची आहे. परागांचा त्रास असलेल्या रुग्णांना त्याच परागांच्या अर्काच्या वाढत्या मात्रेची इंजेक्शनं देण्याची पद्धत लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात १९११ पासून होती. अशी इंजेक्शनं घेतलेल्या रुग्णांचं सीरम पी-के चाचणीत वापरलं, तर गांध उठण्याला अटकाव होतो, असं कुक आणि सहकाऱ्यांनी १९३५ मध्ये दाखवलं. रुग्णाच्या रक्तात रिएजिन होतंच, पण त्याच्या शेजारी परागांना आधीच पकडून ठेवणारं दुसरं प्रतिपिंडही तयार झालं होतं. म्हणजे एकाच माणसाच्या रक्तात, एकाच परागाविरुद्ध, एक प्रतिपिंड त्रास देणारं आणि दुसरं तो त्रास अडवणारं. ‘प्रतिपिंड सापडलं’ एवढ्या वाक्यानं काहीच कळत नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

१९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रतिपिंडांचे आयजीजी, आयजीए, आयजीएम आणि आयजीडी असे प्रकार ओळखले गेले होते. रिएजिन म्हणजे आयजीएच असावं, असा बऱ्याच जणांचा कयास होता. १९६२ साली किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दाम्पत्य अमेरिकेत डेन्व्हर इथल्या दम्याच्या मुलांच्या रुग्णालयाला जोडलेल्या संशोधन संस्थेत आलं. कशालाच दाद न देणाऱ्या दम्याची मुलं देशभरातून तिथे येऊन राहत. इशिझाका दाम्पत्यानं रॅगवीड नावाच्या अमेरिकी तणाच्या परागांचा त्रास असलेल्या रुग्णांचं सीरम घेतलं आणि त्यातलं आयजीए काढून टाकलं. रिएजिनची ताकद तशीच राहिली. मग ते रिएजिन असलेला अंश सशांना टोचून त्याविरुद्ध सशांच्या शरीरात प्रतिपिंडं तयार करवून घेतली, आणि त्यातून माहीत असलेल्या प्रकारांविरुद्धची प्रतिपिंडं एकेक करून गाळली. तरीही काहीतरी शिल्लक उरलं, आणि त्या शिल्लक भागानं रिएजिन बरोबर पकडलं.

अडचण मात्र प्रमाणाची होती. रक्तातलं हे प्रथिन इतकं अल्प, की त्या काळच्या साधनांनी ते मोजणं तर सोडाच, त्याच्या असण्याचा पुरावा देणंही कठीण. सगळ्यात संवेदनशील उपकरण अजूनही माणसाची कातडीच होती. म्हणून वेगळा केलेला प्रत्येक अंश पी-के पद्धतीनं तपासायचा आणि त्यासाठी स्वतःची पाठ द्यायची, असं त्यांनी केलं. दोघांनाही ॲलर्जी नव्हती, त्यामुळे त्यांची कातडी या कामासाठी कोरी होती. १९६६ मध्ये त्यांनी जाहीर केलं की रिएजिन हा प्रतिपिंडांचा एक नवाच प्रकार आहे. कातडीवर उमटणाऱ्या लालीच्या वैद्यकीय नावातलं, एरिथीमामधलं, पहिलं अक्षर घेऊन त्याला ‘गॅमा-ई’ म्हटलं. निबंध छापून आला तो कोकांनी सुरू केलेल्या त्याच नियतकालिकात.

दरम्यान स्वीडनमध्ये, उप्साला इथे, हान्स बेनिक आणि गुन्नार योहान्सन वेगळ्याच दिशेनं त्याच जागी पोचत होते. त्यांच्याकडे मायलोमाचा, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाचा, एक रुग्ण होता. त्याच्या रक्तात एका प्रथिनाचा पूर आलेला आणि ते प्रथिन ज्ञात असलेल्या कुठल्याही प्रकारात बसेना. बर्मिंगहॅमच्या डेनिस स्टॅनवर्थ यांच्याबरोबर त्यांनी पी-के चाचणीत हे प्रथिन मिसळून पाहिलं, तर गांध उठायची थांबली. कातडीतल्या पेशींवर रिएजिन ज्या जागी बसतं, त्या सगळ्या जागा या प्रथिनानं आधीच अडवल्या होत्या. याचा अर्थ दोन्ही एकाच जातीची होती. १९६७ मध्ये योहान्सन यांनी दाखवलं की दम्याच्या रुग्णांत हे प्रथिन वाढलेलं असतं. डेन्व्हर आणि उप्साला यांनी नमुन्यांची देवाणघेवाण करून ताळा पाहिला, आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये लोझान इथे जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत नाव ठरलं: इम्युनोग्लोब्युलिन ई, आयजीई.

इशिझाका दाम्पत्याला नोबेल मिळालं नाही. माझ्या मते ते मिळायला हवं होतं.

आयजीई सापडलं तेव्हा प्राउस्निट्झ या जगात नव्हते. १९३३ मध्ये नाझी राजवटीमुळे ते जर्मनी सोडून आईच्या मायदेशी, इंग्लंडला गेले. आयल ऑफ वाइट बेटावरच्या व्हेंटनर गावात त्यांनी साध्या डॉक्टरकीत आयुष्य काढलं आणि १९६३ मध्ये ते वारले. त्यांच्या पोटावरची गांध कशामुळे उठली, याचं उत्तर तीन वर्षांनी आलं.

ते उत्तर असं आहे. आयजीई रक्तात फार काळ फिरत नाही. ते कातडी, आतडं, श्वासनलिका यांच्या अस्तराजवळ असणाऱ्या मास्ट पेशींवर जाऊन बसतं. माशाचं प्रथिन आलं आणि शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकाच वेळी चिकटलं, की पेशी फुटल्यासारखी आपल्या पोटातलं हिस्टामिन ओतते. मग गांधी, सूज, शिंका, धाप, उलटी, आणि टोकाच्या वेळी रक्तदाब कोसळून मृत्यू. हे सगळं मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत घडतं. रक्तातलं आयजीईचं प्रमाण इतकं कमी, की आयजीजीच्या तुलनेत निरोगी प्रौढात ते साधारण चाळीस हजारावा हिस्सा भरतं, पुष्कळांत त्याहूनही कमी.

उप्सालाच्या मंडळींनी लगेच १९६७ मध्ये त्यासाठी चाचणी काढली. अन्नाचं किंवा परागाचं प्रथिन घन पदार्थावर पक्कं बसवायचं, त्यावर रुग्णाचं सीरम ओतायचं, धुऊन टाकायचं आणि जे चिकटून राहिलं त्यातलं फक्त आयजीई किरणोत्सारी खुणेनं मोजायचं. पुढे कागदाच्या चकत्यांवर ही चाचणी बाजारात आली. आता दुसऱ्याच्या कातडीत कुणाचंही सीरम टोचायची गरज उरली नाही, आणि सीरममधून पसरणाऱ्या काविळीचा धोकाही टळला.

चार वर्षांनी, १९७१ मध्ये, स्टॉकहोमच्या एव्हा एंगवाल आणि पीटर पर्लमान यांनी किरणोत्साराऐवजी रंग बदलणारं विकर वापरलं. एलायझा या नावानं ती पद्धत घरोघरी माहीत झाली. शहाण्णव खळग्यांची प्लास्टिकची थाळी, प्रत्येक खळग्यात वेगळा पदार्थ, थोडंसं सीरम, आणि रंग किती चढला ते यंत्रानं वाचायचं. एचआयव्हीपासून कितीतरी रोगांचं निदान या थाळीनं सोपं केलं. पण त्याच थाळीत गहू, दूध, अंडं, बदाम, टोमॅटो असे पन्नास-शंभर पदार्थ ठेवून, आयजीईऐवजी भरपूर सापडणारं आयजीजी मोजणंही तितकंच सोपं झालं. आयजीजी मुबलक असल्यामुळे खळगे हमखास रंगतात. रंगलेल्या खळग्यांचा लाल-पिवळा-हिरवा तक्ता होतो, आणि तक्ता हातात पडला की लाल रकान्यातले पदार्थ ताटातून उठतात.

आपल्याकडे मुंबई-पुण्यातही असे तक्ते मिळतात. पोळी, दूध आणि अंडं लाल रकान्यात असलेला अहवाल घेऊन माणूस घरी येतो. यात दचकण्यासारखं काय आहे ते बघू. खाल्लेल्या प्रथिनांचा अगदी थोडा अंश न पचता आतड्यातून रक्तात जातो. प्रतिकारयंत्रणा त्याची नोंद घेते आणि आयजीजी तयार करते. धडधाकट, काहीही न बाधणाऱ्या माणसांच्या रक्तातही दुधाविरुद्धचं, गव्हाविरुद्धचं आयजीजी असतं. जो पदार्थ रोज पानात, त्याचं आयजीजी जास्त. म्हणजे तक्त्यातली लाल रेघ बहुधा एवढंच सांगते की हा माणूस रोज पोळी खातो.

आयजीजीच्या चार उपप्रकारांतलं चौथं, आयजीजी-४, याची गोष्ट आणखी बोलकी आहे. ॲमस्टरडॅमच्या रॉब आल्बर्से यांनी १९८३ मध्ये मधमाश्या पाळणाऱ्यांचं रक्त तपासलं. वर्षानुवर्षं डंख खाणाऱ्या या लोकांत मधमाशीच्या विषाविरुद्धचं प्रतिपिंड मुख्यतः आयजीजी-४ होतं. प्रतिकारयंत्रणेला एखाद्या गोष्टीची सवय झाली की हे प्रतिपिंड वाढतं. कुक यांना १९३५ मध्ये जे अडवणारं प्रतिपिंड दिसलं, त्याच जातकुळीचं हे. २००७ मध्ये नेदरलंड्समधल्याच संशोधकांनी ते निरुपद्रवी का, हेही दाखवलं: आयजीजी-४ चे रेणू आपापले अर्धे भाग एकमेकांशी बदलतात, त्यामुळे एका रेणूचे दोन हात दोन वेगळ्या गोष्टी धरतात आणि दाह पेटवणारी मोठी जाळी तयार होत नाही.

सगळ्यात ठसठशीत पुरावा लंडनमधून आला. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या सुमारे दहापट असल्याचं २००८ मध्ये दिसलं होतं. इस्रायलमध्ये बाळं शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ लहानपणापासूनच खातात. गिडियन लॅक यांच्या गटानं मग ॲलर्जीचा धोका जास्त असलेली ६४० बाळं निवडली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत पूर्ण बंद ठेवला. सुरुवातीला कातडीची चाचणी कोरी असलेल्या मुलांत, न खाणाऱ्यांपैकी १३.७ टक्क्यांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांपैकी १.९ टक्क्यांना. निकाल २०१५ मध्ये छापून आला. रक्तात काय होतं? न खाणाऱ्या गटात उच्च आयजीई असलेली मुलं जास्त, खाणाऱ्या गटात आयजीजी-४ जास्त. संवेदनशीलतेच्या तक्त्यानं ही खाणारी मुलं तपासली असती, तर शेंगदाणा लाल रकान्यात पडला असता, आणि ज्यानं त्यांना वाचवलं तेच बंद करायचा सल्ला मिळाला असता.

युरोपच्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ मध्येच स्पष्ट सांगितलं होतं की अन्नाविरुद्धचं आयजीजी-४ निदानासाठी तपासू नये. अमेरिका आणि कॅनडातल्या संघटनांनीही पुढे तीच भूमिका घेतली. दुसरी बाजूही सांगायला हवी. मँचेस्टरमध्ये २००४ साली इरिटेबल बॉवेल या आतड्याच्या विकाराच्या १५० रुग्णांवर आयजीजीनुसार आखलेल्या पथ्याचा प्रयोग झाला आणि खोट्या पथ्यापेक्षा लक्षणं १० टक्क्यांनी जास्त कमी झाली. पण खऱ्या पथ्यात दूध आणि गहू पुष्कळांचे बंद झाले होते, खोट्यात जवळजवळ कुणाचे नाही, आणि असं आतडं असलेल्यांना हे पदार्थ प्रतिपिंडांशिवायही त्रास देतात. अमेरिकेतही अलीकडे याच रोगापुरत्या बेतलेल्या आयजीजी चाचणीला अनुकूल निकाल मिळाला आहे. पुढे काय निष्पन्न होतं ते बघायचं. त्यावरून शंभर पदार्थांचा सरसकट तक्ता खरा ठरत नाही.

आयजीजीचा तक्ता दोन्हीकडून घात करतो. लहान मुलाचं दूध, अंडं, डाळ एकदम बंद झाली तर वाढ खुंटते. उलट शेंगदाण्याचं आयजीजी कमी आलं म्हणून तो निर्धास्त खाल्ला, आणि आयजीई मात्र जागं असलं, तर जिवावर बेतू शकतं. शिवाय कितीतरी वावड्यांत प्रतिपिंडाचा संबंधच नसतो. दूध मानवत नाही ते बहुतेकदा लॅक्टेज हे विकर कमी पडतं म्हणून. तिथे कुठलंही आयजी तपासून उपयोग नाही.

मग आयजीई सोडून दुसऱ्या प्रतिपिंडाला अर्थच नाही का? आहे, आणि त्याचं चोख उदाहरण गव्हाचं. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिक यांना दिसलं होतं की सीलिॲक या आतड्याच्या रोगाची मुलं गहू बंद केल्यावर सुधारतात. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात हॉलंडमध्ये ब्रेड मिळेनासा झाला, तेव्हाच्या अनुभवानं त्यांची खात्री वाढली आणि १९५० मध्ये त्यांनी प्रबंधात ते मांडलं. १९९७ मध्ये जर्मन संशोधकांनी या रोगातल्या प्रतिपिंडाचं लक्ष्य शोधलं, आणि ते गहू नव्हतं. ते होतं ऊतींमधलं ट्रान्सग्लुटामिनेज, रुग्णाचं स्वतःचं विकर. त्याविरुद्धचं आयजीए हा आज सीलिॲकच्या तपासणीचा पाया आहे. तिथेही सोबत एकूण आयजीए बघावं लागतं, कारण काही रुग्णांत आयजीए मुळातच बनत नाही आणि चाचणी खोटी निर्दोष येते. अशा वेळी, आणि अशाच वेळी, आयजीजीवरच्या चाचणीला तिथे मानाचं स्थान आहे. तपासणीआधी गहू बंद करून बसलं तर ही प्रतिपिंडं ओसरतात आणि निदान हातचं जातं, हेही रुग्णाला कुणी आधी सांगत नाही.

आयजीईसुद्धा डोळे झाकून वाचायचं नसतं. रक्तात शेंगदाण्याचं आयजीई सापडलं याचा अर्थ शरीर सज्ज आहे, बाधेलच असा नाही. कित्येक मुलं असं आयजीई रक्तात बाळगून शेंगदाणे खातात आणि त्यांना काही होत नाही. म्हणून डेन्व्हरमध्येच चार्ल्स मे यांनी १९७० च्या दशकात दम्याच्या मुलांना संशयित पदार्थ लपवून, कधी खरा तर कधी खोटा, देऊन पाहिला. देणाऱ्यालाही ठाऊक नसे, घेणाऱ्यालाही नसे. पालकांनी सांगितलेल्या वावड्यांतली बरीचशी त्यात टिकली नाहीत. आजही रुग्णालयात, इंजेक्शन तयार ठेवून, चढत्या मात्रेनं खाऊ घालून बघणं हीच शेवटची कसोटी मानली जाते. त्याआधी डॉक्टर विचारतात ते क्युस्टनर यांच्या तक्रारीतलंच: काय खाल्लं, किती वेळानं झालं, काय झालं, दर वेळी होतं का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अन्नाच्या ॲलर्जीसाठी ओमालिझुमॅब मंजूर केलं. रक्तातलं आयजीई मास्ट पेशीवर बसण्याआधीच पकडणारं हे प्रतिपिंड दम्यासाठी २००३ पासून वापरात होतं. ज्या चाचणीवर मंजुरी मिळाली तीत सोळा आठवड्यांनंतर ६०० मिलिग्रॅम शेंगदाणा प्रथिन औषध घेणाऱ्यांपैकी ६७ टक्क्यांनी पचवलं, औषध न घेणाऱ्यांपैकी ७ टक्क्यांनी. बाधणारा पदार्थ टाळणं मात्र औषधासोबतही चालूच ठेवायचं असतं, चुकून पोटात गेलेल्या घासापुरतं ते संरक्षण आहे. औषधाची मात्रा दोन आकड्यांवरून ठरते, रुग्णाचं वजन आणि त्याच्या रक्तातलं एकूण आयजीई.